विमानाला भरवलेला गूळ

॥ श्री ॥
सांगली, ता. १४ ऑक्टोबर १९४८

तीर्थरूप आईस, सिद्धूचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. तुझा खोकला कमी झाला का ते लिही. एक गोष्ट दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो.

दसऱ्याला आमच्या कंपनीच्या विमानाची पूजा झाली. आमचे कॅप्टन लालासाहेब, त्यांच्या मातोश्री शालूबाई ताट घेऊन माळावर आल्या होत्या. मुंबईला निघालेले गुळाचे पाच व्यापारी आत बसले. सीमोल्लंघनाचा मुहूर्त साधायचा म्हणून सगळ्यांची घाई. विमान सोडण्याआधी मेकॅनिकने त्याच्याभोवती शेवटची फेरी मारायची हा माझा नेम. पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. तिच्यात वारा शिरला की विमानाचा वेग आतल्या काट्यावर दिसतो. वेग कळला नाही आणि कमी पडला, तर विमान खाली येते. त्या नळीत गूळ-खोबरे ठासलेले होते. शालूबाईंना ते विमानाचे तोंड वाटले. बैलाला भरवावा तसा त्यांनी घास भरवला होता. गूळ उन्हाने पाघळून आत गेलेला.

नळी उतरवून धुवायला तासभर लागेल, असे मी सांगितले. लालासाहेब म्हणाले, वेग मला बसल्या जागी कळतोय, तू ठोकळं काढ. चाकांना अडसर म्हणून लाकडी ठोकळे लावतात, त्यातल्या एकावर मी बसून राहिलो. मुहूर्त टळला. तारेने नैवेद्य उकरताना पाहून शालूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि लालासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले की, लढाईत एका तळावर होतो म्हणून तुला डोक्यावर बसवला.

त्यांनी मॅनेजरकडे तक्रार दिली आहे. विमान थांबवायची गरज नव्हती, असे मी दिवाळीआधी चारचौघांत कबूल करून माफी मागितली तर नोकरी राहील. तू सांगशील तसे करीन. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा
सिद्धू


॥ श्री ॥
रहिमतपूर, ता. १७ ऑक्टोबर १९४८

चिरंजीव सिद्धूस बनुबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. तुझ्या पाटीवर शिकलेली मी, मला एकदा वाचून पुरत नाही. खोकला बरा आहे. म्हैस व्याली, रेडी झाली.

शालूबाईंची माफी माग. वडील माणसाचा नैवेद्य तारेने उकरलास, आधी त्यांना दोन शब्द सांगायचे होते. त्यात कमीपणा नाही. पण थांबवायची गरज नव्हती, हे मात्र म्हणू नकोस. नोकरी गेली तर घरी ये. ऊस तोडणीला आलाच आहे, हात कमीच पडतात.

तुझे वडील मोटार चालवत. त्या दिवशी जेवताना मला म्हणाले की, ब्रेक पायाखाली मऊ लागतोय. मी म्हटले, मालकाला सांगा. ते म्हणाले, माणसं बसली की मालक ऐकत न्हाई. खंबाटकीच्या घाटात काय झाले ते तुला ठाऊक आहे. माझ्याजवळ बोलले, मालकाजवळ बोलले नाहीत. बारा वर्षे झाली, भाकरी थापताना अजून तेच मनात येते.

शालूबाई माझ्या माहेरच्या, पलूसच्या. त्यांना मी वेगळे लिहिते. वेळेवर जेवत जा.

तुझी आई


॥ श्री ॥
रहिमतपूर, ता. १७ ऑक्टोबर १९४८

सौ. शालूबाई यांस बनुबाईचा नमस्कार. वि. वि.

पलूसच्या विहिरीवर आपण बरोबर पाणी भरत होतो, त्या ओळखीवर लिहिते. माझ्या मुलाने तुमचा नैवेद्य काढला, त्याचे मलाही वाईट वाटले. तुम्ही मायेने भरवलात, यात शंका नाही.

माझे म्हणणे एवढेच. त्या विमानात तुमचा लालाच पुढे बसणार होता. माझा सिद्धू तर जमिनीवर राहणार होता. ठोकळ्यावर तो कुणासाठी बसला, ते लालाला निवांत विचारा. राग धरू नका.

तुमची
बनुबाई


॥ श्री ॥
सांगली, ता. २५ ऑक्टोबर १९४८

गं. भा. बनुबाई हिला शालूबाईचा नमस्कार.

तू लय सरळ लिहितेस. विहिरीवरबी अशीच बोलायचीस, कुणाच्या घागरीला भोक हाय ते पहिल्यांदा तूच सांगायचीस. पत्र आलं तवा मला राग आला. मग संध्याकाळी लालाला ताटावर विचारलं की, गूळ तसाच राहिला असता तर काय झालं असतं. तो अर्धी भाकरी टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडनं गुळाचा खडा मागून नेला. माळावर जाऊन त्यानं त्या नळीत स्वतःच्या हातानं भरला आणि विमान न उडवता नुसतं जमिनीवर या टोकापासनं त्या टोकापर्यंत पळवलं. घरी येऊन म्हणाला, आई, काटा जाग्यावरनं हलला न्हाई. तांब्याभर पाणी प्यायला. मग उठून मॅनेजरकडं गेला, तक्रार परत घेतली. सिद्धूलाबी ठोकळ्याजवळ गाठून सांगितलं म्हणं, गड्या, तू काढल्याबिगर ठोकळं निघायचं न्हाईत. आता रोज चढायच्या आधी त्याला विचारतो, आमच्या आई येऊन गेल्या का, म्हणून. हसतात मेले मला.

तुझा पोरगा आधीच येऊन माझ्या पाया पडून गेला होता. तवा मी तोंड फिरवलं होतं. काल बोलावून घेतला आणि विमानाच्या वाटणीचा गूळ त्याला भरवला. दिवाळीला त्याच्यासंगं ये. पलूसच्या गोष्टी काढू.

तुझी
शालूबाई


॥ श्री ॥
रहिमतपूर, ता. २८ ऑक्टोबर १९४८

चिरंजीव सिद्धूस आशीर्वाद.

शालूबाईंचे पत्र आले. दिवाळीला येईन, म्हैस आणि रेडी शेजारणीवर सोपवून. आज तुझ्या वडिलांच्या फोटोपुढे गुळाचा खडा ठेवला. त्यांना सांगितले की, पोरगा बोलला.

शालूबाईंच्या घरी गूळ खाल्लास की हात धुऊन मग नळीला हात लाव.

तुझी
आई