समोर नुसता पत्रा

घाटंजी, रविवार संध्याकाळ

ह्यांनी भंगारातल्या कारचं इंजिन सीटच्या मागे बसवून घरीच स्पोर्ट्स कार बांधली. बुटकी, लाल. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत किती महिने तेच चाललं होतं. आज सकाळी तिथेच पहिल्यांदा मला शेजारी बसवलं. गाडी पळाली, मी हसत होते, आणि वळताना पुढची चाकं सरळच घसरत गेली. कडेच्या कडुनिंबावर जाऊन टेकलो. तोवर वेग सायकलीएवढाही उरला नव्हता, तरी पुढचा पत्रा चेपून माझ्या गुडघ्याला लागला.

खरचटलं, एवढंच. पण पत्रा इतका जवळ कसा?

"समोर काय आहे हो?" मी विचारलं.

"काहीच नाही. इंजिन मांगं आहे, समोर नुसता पत्रा." मग ते माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. "मोठ्या कंपन्या समोर चेपाले जागा सोडतात, बसणाऱ्याभोवती मजबूत सांगाडा करतात. मी निस्तं रूप पाह्यलं."

दुपारी जेवले नाहीत. तो पत्रा ठोकून सरळ करत बसले. रागवायला हवं होतं का? पण त्यांचा चेहरा बघून राग आलाच नाही.

आत्ता आत येऊन म्हणाले, "रोडवर नाही काढत तिले. तुले हिच्यात बसवून यवतमाळले फिराले न्याची घाई झालती मले."

सुटले, असं वाटायला हवं होतं. पण मलाही त्याच गाडीतून जायचं होतं. तसं सांगितलं.

ते माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "उद्या गॅरेज बंद ठेवतो. एसटीनं जाऊ."