या नो एस्ता

३ फेब्रुवारी, मंगळवार. बार्शीटाकळी
निलेशचं ऑपरेशन झालं की नाही तेच कळत नाही. जहाजाच्या इंजिनरूममध्ये शिडीवरून पडला त्याला आज सहा दिवस. डोक्याला मार. पेरू देशातल्या बंदरावर दवाखान्यात ठेवून जहाज पुढे निघून गेलं. मुंबईचा कंपनीवाला रोज तेच, "मॅडम, स्टेबल आहे." तिथली सिस्टर रोसा मेसेज करते, पण सगळं स्पॅनिशमध्ये. फोनवर भाषांतर करून विचारलं, नवऱ्याचं ऑपरेशन झालं का? उत्तर एकच शब्द. 'या'. फोन म्हणतो, "आधीच."
आधीच काय?

४ फेब्रु.
अमरावतीच्या एक मॅडम नोकरीसाठी पोरींना स्पॅनिश शिकवतात. नंबर मिळवला. सगळं सांगितलं. "अहो ताई, 'या' म्हणजे झालं. ऑपरेशन झालं त्यांचं." फोन हातात घेऊन खालीच बसले.
मग म्हणाल्या, "पण दरवेळी हाच अर्थ नसतो. रविवारी इकडे येता का?"

८ फेब्रु., रवि
अमरावती. जाताना मूर्तिजापूरपर्यंत उभीच. मॅडमनी एका शब्दावर दीड तास घेतला. या म्हणजे झालं. या म्हणजे आता. कुणी हाक मारली की 'या व्हॉय', आलेच. 'या, या' म्हटलं तर पुरे, कळलं. 'या नो', आधी होतं, आता नाही. 'तोदाविया नो', अजून नाही. "शेवटच्या दोघांत घोळ करू नका," म्हणाल्या. येताना बसमध्ये तेवढंच घोकलं.

१० फेब्रु.
रोसा: ताप 'या नो'. फोनला न विचारता वाचलं! सासूबाई झेंडू तोडत होत्या, वावरात पळत गेले. त्यांनी टोपली खाली ठेवली.
"अन् बोलला का तो?"
तोदाविया नो. "अजून नाही, आई."
दुपारी पुटपुटत होते तर म्हणतात, "कोणाले या या करून राह्यली? कोणी येऊन राह्यलं का?" दोघी हसलो. किती दिवसांनी. 

१३ फेब्रु., शुक्र
सकाळी ६.३५. रोसा: "निलेश या नो एस्ता आकी."
निलेश आता इथे नाही.
दहा वेळा वाचलं. प्रत्येक शब्द येतो. मॅडमना फोन केला. त्यांनी वाक्य दोनदा वाचायला लावलं.
"मॅडम, खरं सांगा."
"दोन्ही होतं, वर्षाताई. दुसरीकडे हलवलं तरी असंच म्हणतात. आणि... आपल्यातही म्हणतातच ना तसं."
दोन वाक्यं दिली त्यांनी. एक, त्याला कुठे नेलं. दुसरं, तो आहे ना. पहिलं पाठवलं. दुसरं वहीतच. बोट पुढे जाईना.
तिकडे रात्र, रोसा ड्युटी संपवून घरी गेलेली. कंपनीवाला फोन उचलत नाही. अकोल्याची गाडी आली, फुलं भरून दिली. गाडीवाला म्हणाला, "वहिनी, तब्येत बरी नाही का?" डोकं दुखतं म्हटलं.
आईंना काही सांगितलं नाही. काय सांगू

त्याच दिवशी, संध्या. ५.५०
"तेर्सेर पिसो." तिसरा मजला! साध्या वॉर्डात हलवलाय. श्वास स्वतः घेतो आहे. मोरीत जाऊन रडले, मग आईंना सगळं सांगितलं.
"सकायपासून मले सांगतलं कावून नाही?"
"तुम्हाला त्रास..."
"तो माया पोटचा आहे." जेवल्या नाहीत.

१७ फेब्रु., मंगळ
सकाळी रोसाचा व्हिडिओ कॉल. पहिल्यांदाच. डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली, गाल बसलेले. "निलेश, मी वर्षा. बार्शीटाकळीहून." बघत होता. माझ्याकडे की नुसता उजेडाकडे, कळलं नाही. नाव नाही घेतलं. रोसा हसून म्हणाली, "या ला रेकोनोसे." आता ओळखतो तुम्हाला. अर्थ लगेच कळला. खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून? त्याने डोळे मिटले. कॉल बंद.
आई दारात उभ्या होत्या. तिथून फोन दिसत नाही.
"ओयखलं का त्यानं तुले?"
"हो."
त्या आत गेल्या. मी अकोल्याला निघायची तयारी करत होते, उद्या पासपोर्टचं काम आहे. मिळेल का, केव्हा, पेरूपर्यंत एकटी कशी जाईन, काहीच माहीत नाही. थोड्या वेळाने आई आल्या. हातात त्याचा लग्नातला शर्ट, घडी घातलेला.
"हा नेजो संग. हा पाहून तरी ओयखीन."