शमुवेलसाठी काढून ठेवलेला ब्रश

पाळकसाहेब, सलाम.

जर्मनीच्या चर्चला माझ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीसा, "मुलगी झाडलोटीपुरती बरी आहे." आई कोल्हापुरात तुमचं चर्च झाडते, म्हणून मलाबी तेच! पण इथं त्या चर्चच्या वृद्धाश्रमात ती ओळ वाचूनच मला घेतलं की. नव्या स्वयंसेवकाला पहिले तीन महिने संडासच धुवावे लागतात. मी धुतले, भाषा शिकले. आता नव्यांची कामं मीच वाटते.

काल तुमच्या लेकाचा, शमुवेलचा अर्ज आला. तुम्ही लिहिलंय, "उपदेश उत्तम करतो." मला विचारलं, घ्यायचा का? म्हटलं, घ्या की!

हे पत्र टाकणार न्हाय. टाकलं तर तुम्ही त्याला धाडणार न्हाईसा. येऊ दे. ब्रश काढून ठेवलाय.

झाडूवालीची लेक,
सलोमी