अंगारवनाचा बोलका नावाडी

२ मार्च, सकाळी
आज आमचा ‘अंगारवन’ गेम बाजारात आला. चार वर्षांचं काम. तीन राज्यं, बर्फाचे डोंगर, आग ओकणारी घुबडं. खेळणाऱ्याने वाटेल तिकडे भटकावं, वाटेल त्याला मारावं. एवढ्या पसाऱ्यात माझं काम एकच, काळ्या नदीवरचा नावाडी. पण गेमचा आत्मा तोच आहे, हे आठवडाभरात जगाला कळेल.
ठराव : खेळाडूंची मतं वाचायची नाहीत. लेखकाचा आपल्या कामावर विश्वास हवा.

२ मार्च, दुपारी
फक्त पहिली शंभर वाचली. अभ्यास म्हणून. घोडा आवडला. तलवार आवडली. एकाला गवत फार आवडलं. गवत! नावाड्यापर्यंत अजून कुणी पोचलेलं नसणार. नदी तिसऱ्या राज्यात आहे.

३ मार्च
नावाडी म्हणजे आमचे आप्पा. माझे वडील. उभी नोकरी नदीवरची फेरीबोट चालवण्यात गेली. पलीकडच्या कारखान्यातली माणसं न्यायची, आणायची, आणि या काठापासून त्या काठापर्यंत बोलत राहायचं. बोटीतला माणूस मधेच उठून जाऊ शकत नाही, हे त्यांनी फार लवकर हेरलं होतं. गेममध्ये मी तीच युक्ती वापरली. होडीत बसलात की चौदा मिनिटं ऐकायचं. स्किपचं बटण नाही. बटण नको म्हणून मी मीटिंगमध्ये किती भांडलो!
आवाजही आप्पांचाच. गेल्या वर्षी त्यांना स्टुडिओत नेऊन माइकसमोर बसवलं. मी लिहिलेलं बाजूला ठेवून ते मनाचंच बोलले. तेच ठेवलं. मग दोन महिन्यांनी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आता पाटीवर लिहितात. जन्मभर लिहायची सवय नसल्यामुळे अक्षर भयंकर आहे.

५ मार्च
आला! नावाड्याचा पहिला उल्लेख आला! ‘भुकेला ड्रॅगन’ नावाचा खेळाडू लिहितो, हा म्हातारा गप्प कधी बसतो? दोन तारे.
शांतपणे विचार केला. त्याने प्रश्न विचारला आहे. म्हणजे कुतूहल जागं झालं आहे. कुतूहल हीच रसिकतेची पहिली पायरी. बाकीचे तीन तारे त्याने घोड्यासाठी कापले असतील.

६ मार्च
‘ढालवाला’ : होडीत बसवून जेवून आलो, तरी बोलतच होता. एक तारा.
‘राणी कुऱ्हाडवाली’ : नदी पोहून पार करता येते का? कृपया कुणीतरी सांगा.
आणखी साठेक तशीच. आजकाल लोकांना धीर म्हणून नाही.
बायको म्हणाली, ती मतं वाचत बसण्यापेक्षा आप्पांच्या रेकॉर्डिंगची कॉपी घरी घेऊन ये. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिला प्रत्येक गोष्टीचा नमुना बाटलीत भरून ठेवायची सवय. म्हटलं, आणतो. घरच्या सगळ्या जुन्या व्हिडिओंत आप्पा ताठ उभे आहेत आणि तोंडातून शब्द नाही. जन्मभर बोललेला माणूस कॅमेरा दिसला की मुका व्हायचा. तेव्हा कॉपी आणायची हे खरंच. पण आत्ता मागितली तर नावाडी काढून टाकणार आहेत असं मीच कबूल केल्यासारखं होईल. थोडा थांबतो.

९ मार्च
लोकमत आपोआप घडत नाही, घडवावं लागतं. घरच्या मशीनवर गेम घेतला. ‘निष्पक्ष खेळाडू’ या नावाने खातं उघडून पाच तारे दिले. मजकूर : ‘मी या कंपनीत कुणालाही ओळखत नाही. नावाड्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि डोळे पाणावले.’ संयत. भारदस्त. संशयाला जागा नाही.

१० मार्च
प्रत्येक मताखाली तो माणूस गेम किती वेळ खेळला ते छापून येतं. मला हे माहीत असायला हवं होतं. ऑफिसात माहीत होतं. घरी विसरलो. माझ्या नावाखाली आलं : नऊ मिनिटं.
भुकेल्या ड्रॅगनने विचारलं, नऊ मिनिटांत चौदा मिनिटांचा नावाडी कसा ऐकलास बाबा? की तो नावाडी तूच?
त्याखाली चारशे जण हसले आहेत. तूर्त गप्प राहायचं ठरवलं.

१४ मार्च
काय दिवस आहे! नावाडी गाजतो आहे! सगळीकडे नावाड्याचेच व्हिडिओ. एकाला तर लाखांनी बघणारे. मी अजून एकही बघितला नाही. कौतुक ऐकून लेखक बिघडतो, म्हणून व्हिडिओ बघायचेच नाहीत असा ठराव केला आहे. आप्पांना सांगितलं, तुमचा आवाज लाखो लोक ऐकतायत. ते खिडकीशी बसून घड्याळाचा पट्टा शिवत होते. पाटीवर लिहिलं, ‘भाडं देतात का?’ जिन्यात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनाही सांगितलं. त्यांचा मुलगा हसायला लागला. लाजाळू असेल.

१५ मार्च
लीडने खुलासा केला. लीड म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. गेममध्ये एक चूक राहून गेली आहे म्हणाला. होडी मधोमध आली की नावाड्याला लाथ मारता येते. तो पाण्यात पडतो. पण बोलणं थांबत नाही. तळाशी बसून बुडबुडे काढत बोलत राहतो. लोक त्यावर पोट धरून हसताहेत.
म्हणजे बुडाला तरी शब्द सोडत नाही. पात्राचा स्वभाव याहून चांगला काय दाखवणार? लीडला हे समजावून सांगितलं. तो पूर्ण वेळ फोनमध्ये बघत होता.

१९ मार्च
मीटिंग. लीडने भिंतीवर तक्ता दाखवला. नदीपाशी आलेल्या दहांतले सात जण होडीत बसतात आणि त्या दिवशी गेम बंद करून परत येत नाहीत. तो म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये नावाडी गप्प. नुसती मान हलवील आणि पलीकडे नेऊन सोडील. आवाजाची फाइलही काढून टाकायची, तेवढ्या जागेत घोड्याची तीन नवीन खोगिरं बसतात.
मी म्हणालो, उरलेल्या तिघांचं काय? ते नदीत पोहून मेले, असं तक्ता करणारी मुलगी म्हणाली.
तरी मी डगमगलो नाही. अपडेट निघायला वेळ आहे. तोवर लोकमत फिरेल.

२२ मार्च
आवाजवाल्याची मेल आली. आवाजवाला म्हणजे ज्याने आप्पांचं रेकॉर्डिंग केलं तो. लिहितो, महिनाअखेरीला जुनी फोल्डरं साफ होणार, ज्याला जे हवं त्याने घेऊन जावं. ही त्याची तिसरी मेल आहे असंही खाली लिहिलं आहे. मला ही पहिलीच वाटली. सोमवारी जातो. बायकोला आणली म्हणूनच सांगितलं, दोन दिवसांचा तर प्रश्न.

२९ मार्च
सोमवारी आवाजवाल्याच्या खोलीत लीड बसला होता. त्याच्यासमोर कसं मागणार? मंगळवारी पेन ड्राइव्ह घरी राहिला. बुधवारी पेन ड्राइव्ह होता, मी भुकेल्या ड्रॅगनला मुद्देसूद उत्तर लिहीत होतो. उत्तर अकरा परिच्छेदांचं झालं. कुणी वाचलं नसलं तरी नोंद राहिली. सोमवारी नक्की.

३१ मार्च
सकाळी दारावर कार्ड लागेना. वॉचमनने खुर्ची दिली. मग वरून एक बाई आल्या आणि माझं करारातलं काम संपल्याचं सांगून गेल्या. टेबलावरचं सामान खोक्यात भरून खालीच आणून दिलं. कॉफीचा मग, माझा वॉटरबॉटलचा स्टँड, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी चार्जर.
दुसऱ्या भागाच्या वेळी मला बोलावतीलच. लेखक काय रस्त्यावर पडलेत?
कॉपी राहिली.
पण घाबरण्याचं कारण नाही. घरच्या मशीनवर गेम आहे आणि त्यात आप्पा आहेत. अपडेट केला नाही की झालं. इंटरनेटची वायर काढून ठेवली. मशीनवर कागद चिकटवला : ‘अपडेट करू नये.’ माझ्याच अक्षरात. बायकोने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की कॉपी आणली होतीस ना? मी म्हणालो, हीच ती.

४ एप्रिल
नोकरीची शोधाशोध सोमवारपासून. हा आठवडा विश्रांतीचा.
आप्पांना म्हटलं, या, तुमचा आवाज ऐकवतो. त्यांनी लिहिलं, ‘नंतर’. ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. मीही आग्रह केला नाही. कधीही ऐकता येईल. त्यासाठीच तर जपून ठेवला आहे.
मीच एकटा थोडा ऐकला. होडी निघते आणि आप्पा म्हणतात, बसा हो निवांत, पलीकडचा काठ काही पळून जात नाही. बोटीवर रोज म्हणायचे हे वाक्य. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसायचो आणि मला या वाक्याची लाज वाटायची. पुढचं नंतर ऐकू म्हणून बंद केलं.

८ एप्रिल, सकाळी
अपडेट निघाला. मोबाइलवर मतं बघितली. नावाडी गप्प झाला, पाच तारे. अखेर सुटलो त्या म्हाताऱ्यापासून, पाच तारे. भुकेला ड्रॅगन : आता हा खरा गेम झाला.
संताप आला. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला गप्प केलं म्हणून टाळ्या? आता ‘निष्पक्ष खेळाडू’ नको. स्वतःच्या नावाने लिहायचं. नावाडी कोण होता, कुणाचा आवाज होता, सगळं. लोक दगड नाहीत. हजार माणसांनी मागणी केली तर कंपनीला आवाज परत घालावाच लागेल.

८ एप्रिल, दुपारी
मत लिहिलं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं लिखाण. मोबाइलवरून मत देता येत नाही, ज्या मशीनवर खेळता तिथूनच द्यावं लागतं. म्हणून वायर जोडली. मजकूर घातला. ‘पाठवा’ दाबलं. पडद्यावर आलं : मत नोंदवण्यासाठी गेम अपडेट असणं आवश्यक आहे. होय किंवा नाही.
होय दाबलं.
मत नोंदवलं गेलं. एक तारा. आभारही मानले त्यांनी.

८ एप्रिल, संध्याकाळी
कागद मशीनवर अजून तसाच चिकटलेला आहे.

९ एप्रिल
आवाजवाल्याला फोन केला. सभ्य माणूस. म्हणाला, एक तारखेलाच सगळं पुसलं, तुम्हाला तीन मेल केल्या होत्या. मी कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर लगेच आलं : आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
बायकोला सांगितलं. वाटलं भांडेल. ती ताट तसंच ठेवून उठली आणि आप्पांच्या खोलीत जाऊन त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत बसली. कालच बदलला होता.

१० एप्रिल
आज आप्पा आपणहून आले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि पाटी दाखवली, ‘आज लाव’.
मी मशीनमध्ये बिघाड आहे म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि बसूनच राहिले. शेवटी लावला. वाटलं, एखादा तुकडा तरी राहिला असेल. यंत्र आहे, चुकून काहीतरी राहतं.
होडी आली. नावाडी वल्ही मारत होता. आप्पांचेच वाकलेले खांदे, तीच टोपी. आम्ही बसलो. त्याने एकदा मान हलवली. वल्ह्यांचा आवाज, पाण्याचा आवाज. पलीकडे पोचायला मिनिटभरही लागलं नाही. त्याने परत मान हलवली.
आप्पांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘आत्ता जमलाय. हुबेहूब मी.’
मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. नळ गळतो आहे, तो दुरुस्त करायचा.

१२ एप्रिल
एक ठराव मोडला. तो लाखांनी बघितलेला व्हिडिओ शोधला. आता आवाज फक्त तिथेच आहे. बाकीच्या व्हिडिओंवर लोकांनी गाणी लावली आहेत. हा भुकेल्या ड्रॅगनचा निघाला.
आप्पा मागे येऊन उभे होते, ते मला कळलं नाही. होडी मधोमध आली. बसा हो निवांत, आप्पांचा आवाज म्हणाला. मग लाथ. मग पाणी. बुडबुड्यांतून, पलीकडचा काठ काही. मग एक मुलगा इतका हसतो की पुढचं ऐकू येत नाही.
मी बंद करायला गेलो. आप्पांनी माझा हात धरला. दुसऱ्या हाताने पाटीवर लिहिलं, ‘परत लाव.’
परत लावला. आधी जाहिरात आली. ती स्किप करता येत नाही.