‘सोहळा’तला ळ

मंगळवार, संध्याकाळ. भिंगार

छापखान्याच्या शेखभाईंनी फोनवर सांगितलं, पुतणीची लग्नपत्रिका फॉन्टमध्येच छापायची ठरली. घरातली प्रत्येक पत्रिका आजवर मीच बोरूनं लिहिली, पेपरातली नोकरी सांभाळून.

मोबाईलवर नमुना पाहिला. ‘विवाह सोहळा’तल्या ळची शेपटी काय डौलात वळलीय! मला कधी जमली अशी?

पुतणी म्हणाली, "काका, रुसू नका. फॉन्ट लई भारी आहे. पण पाकिटांवर नावं तुम्हीच टाकायची हं."

म्हणजे आत तो, बाहेर मी. तरी हो म्हणालो.

पुन्हा तो ळ पाहिला. हात न थरथरता काढलेला. हात आहेच कुठे त्याला? हेवाच हा, दुसरं काय.

उद्या सकाळी पुतणी पाकिटं आणील. नावं अशी लिहीन, की पाकीट फाडताना लोक थबकतील.