अंगावरच्या वस्तू

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज चष्म्याच्या काचा काढल्या. कवळ्यांच्या कामाची बारीक पक्कड नेली होती, पाच मिनिटांत झालं. मास्तरांचा हुकूम — रंगमंचावर चष्म्याला काच नको, दिवा पडला की डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके दिसतात. मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक. पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. अजूनही तेच शिकवतात असं वाटतं.

तीन महिन्यांपूर्वी मी बाबांना स्कूटरवरून तालमीला सोडायला जायची, एवढंच. बाहेर ताटकळायचा कंटाळा आला म्हणून आत बसले. आत बसलेली दिसले म्हणून मास्तरांनी एक कपाट आवरायला दिलं. आता वस्तूंचं अख्खं टेबल माझ्या गळ्यात! टेबलावर खाकी कागद पसरलाय, त्यावर प्रत्येक वस्तूची कड पेन्सिलने काढली आहे — किटली, दोन कप, घड्याळ, पत्र, चष्मा. वस्तू जागेवर नसली की रिकामी कड लांबूनच दिसते. दातांचे साचे मी कामावर असेच मांडते.

बाबांना एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली आहे. तेव्हापासून तरंगतच चालताहेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नाटकात बाबा एकटा राहणारा म्हातारा घड्याळजी आहेत. तीस वर्षांपूर्वी भांडलेल्या मित्राचं पत्र येतं — माझं चुकलं, तू एकटा कसा राहतोस? घड्याळजी ते मोठ्याने वाचतो, फाडून चार तुकडे करतो. शेजारीण विचारते, "काय उत्तर द्यायचं?" तो म्हणतो, "काही नाही." पडदा.

मास्तरांना कोरा कागद चालत नाही. हातात कोरा कागद असला की नटाचे डोळे भिरभिरतात म्हणे. म्हणून पत्र पूर्ण लिहिलेलं हवं, आणि फाटतं म्हणून दर तालमीला नवं हवं. लिहिणार कोण? मी. पण बाबांना सगळं पाठ आहे, जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि त्यांचा घरचा जाड काळा चष्मा घड्याळजीला चालत नाही. म्हणजे मी काय लिहिते ते जगात कोणाला दिसत नाही. आज कंटाळून वाणसामानाची यादी लिहिली. बाबांनी साबण, फिनेल आणि काड्यापेटी हातात धरून मित्राचा माफीनामा भरल्या गळ्याने म्हटला. विंगेत मी ओठ चावून उभी.

मास्तर मात्र खूश नव्हते. "प्रूफवाले, तुम्ही पत्र म्हणताय. वाचत नाही आहात." बाबांना लागलं ते. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, सगळे त्यांना प्रूफवालेच म्हणतात. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय औषध घेत नाहीत. त्यांना कोणी सांगायचं की तुम्हाला वाचता येत नाही!

८ नोव्हेंबर, शनिवार

आलं. माझं खरं पत्र. ज्या संस्थेत कृत्रिम दात बनवायला शिकवतात तिथे शिकवण्याची जागा. मी अर्ज केला होता हेच विसरायचा प्रयत्न करत होते. आगगाडीने चौदा तास लांब. ८ डिसेंबरला पाचच्या आत हो किंवा नाही कळवायचं.

पत्र उशीच्या अभ्र्यात ठेवलं. बेचाळीस वर्षांची बाई मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तरांनी नियम सांगितला. टेबलावरच्या वस्तू माझ्या. पण जी वस्तू नटाच्या अंगावर असते, म्हणजे अंगठी, काठी, चष्मा, ती त्याची. त्याने ती घरी न्यायची, वापरायची, हाताला सवय करायची. मी चष्मा डबीत घालून बाबांना दिला. "सांभाळा," म्हटलं. "मी काय लहान आहे?" म्हणाले.

बाबांना अजून सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कामावरून आले तर बाबा घरी नाहीत. सहाला आले. कुठे गेला होतात? "पाय मोकळे करायला." त्यांचे पाय कधी मोकळे होत नाहीत, म्हणून तर मी स्कूटर चालवते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी एक गोष्ट केली. सगळ्यांची तालीम होते, माझी का होऊ नये? जे बाबांना तोंडावर सांगता येत नाही ते त्या पत्रात लिहिलं. *बाबा, मला नोकरी आली आहे. लांब आहे. तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ? आणि नाही गेले तर उरलेला जन्म दुसऱ्यांच्या हाताखाली साचे भरणार.* पानभर. टेबलावर आखलेल्या कडेत नेऊन ठेवलं.

बाबांनी पत्र उघडलं आणि थांबले. इतका वेळ थांबले की मास्तर पुढच्या खुर्चीवरून उठले. मग हळूहळू पाठ केलेला मजकूर म्हटला, एकेक शब्द तोलून. आणि फाडलं नाही! घडी करून आतल्या खिशात ठेवलं.

मला वाटलं आता कवायत सुरू होणार. पण मास्तर म्हणाले, "हेच. पंधरा दिवस हेच मागत होतो. फाडू नका, खिशातच ठेवा." बाबा मान खाली घालून उभे होते.

घरी येताना म्हटलं, पत्र द्या, पुढच्या वेळी तेच वापरू. "पडलं कुठेतरी," म्हणाले. आळशीपणाचं सुख गेलं. पुन्हा लिहिणं आलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी स्वयंपाकघरात स्फोट. बाबांनी अंडं उकडायला ठेवलं होतं, पाणी घालायचं राहिलं. छतावर पिवळा डाग.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपुस्तिका वाचून काढली. तिसऱ्या पानावर दोन चुका आहेत म्हणे. मग स्वतः मशीन लावलं. माझा पांढरा कोट आता फिकट निळा आहे.

हे सगळं कशासाठी ते मला कळलंय. मास्तर म्हणतात ना, भूमिका जगा. घड्याळजी एकटा राहतो, सगळं स्वतः करतो. तेव्हा आमचे बाबाही एकटेपणाचा सराव करताहेत, आणि त्याची किंमत माझा कोट मोजतोय. आई गेल्यावर चार वर्षांत ज्यांनी गॅसची शेगडी पेटवली नाही ते एका नाटकासाठी पेटवतात. नटाची जात!

आजच्या पत्रात कोटाबद्दल लिहिलं. आणि हेही की तिथे खिडकीजवळचं टेबल मिळणार आहे.

तालमीत लाइटवाला वरून ओरडला, "प्रूफवाल्यांच्या डोळ्यांवर काहीतरी चमकतंय." म्हटलं, काचा मी स्वतः काढल्यात, फ्रेमची तार असेल. तारेवर साबण चोळला की चमक मरते. वडी घेऊन गेले तर बाबांनी हातातून घेतली. "दे, मी लावतो. माझी वस्तू आहे." नियम म्हणजे नियम.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट दिवस. दुसऱ्या प्रवेशाआधी अंधार होतो, चाळीस सेकंदांत मला टेबल आत न्यायचं, खुर्ची खुणेवर ठेवायची, किटली मांडायची. मी खुर्ची वीतभर मागे ठेवली. बाबा अंधारात बसायला गेले आणि हात हवेत! खुर्चीच्या कडेला टेकले म्हणून वाचले. दिवे आले तेव्हा ते हसत होते. मी नाही.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "तुमच्या वीतभर चुकीवर माणूस बसणार असतो." मी आत जाऊन नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, डोळे मिटून पावलं मोजली. खुर्ची अकरा पावलं. किटली चौदा.

मी नसले तर ह्यांची खुर्ची कोण बघणार? सारखं तेच मनात येतंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौतीस सेकंद. खुर्ची बरोबर खुणेवर. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही शाबासकी समजायची असते, असं शिंपीणबाईंनी सांगितलं. त्या कपडे शिवतात आणि शेजारणीचं कामही करतात. पहिल्यांदा वाटलं, मला हे येतं. दात सोडून दुसरं काहीतरी येतं.

आज पत्रात खरं लिहिलं. आतापर्यंत लिहिलेलंही खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. *बाबा, मी स्वतःला सांगते की तुमच्यामुळे जाता येत नाही. तसं नाही. मी घाबरते. नव्या गावात, नव्या माणसांपुढे उभं राहून शिकवायला घाबरते. तुम्ही माझं कारण आहात. चांगलं, सोयीचं कारण.* लिहिल्यावर हलकं वाटलं आणि लाजही वाटली.

शेवटाला बाबा अडकले. शिंपीणबाईंनी दोनदा विचारलं, "काय उत्तर द्यायचं?" बाबा विंगेत माझ्याकडे बघताहेत. वाक्य विसरले असणार. मी ओठ हलवून सांगितलं, "काही नाही." त्यांनी ते म्हटलं, पण मनापासून नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

ठरवलं. जायचं नाही. त्यांना विचारायचंही नाही, कारण विचारलं तर जा म्हणतील आणि मग रात्रंदिवस माझ्या डोक्याला घोर. न विचारलेलं बरं.

बाबांनी अंडं उकडलं. बारा मिनिटं, घड्याळ लावून. सोलून माझ्यापुढे ठेवलं आणि मी खाईपर्यंत उभे राहिले. "कसंय?" "अंड्यासारखंय." फारच खूश झाले.

६ डिसेंबर, शनिवार

पहिला प्रयोग, संध्याकाळी पाच वाजता. पावणेपाचला एका कपाचा कान तुटला! माझ्या पिशवीत कवळ्यांचा मसाला होता. पावडर, द्राव, फुंकर मारत दहा मिनिटं. कान बसला, गुलाबी हिरडीच्या रंगाचा. लांबून कोणाला कळलं नाही.

पहिला प्रयोग म्हणून पत्रात उगाच काही लिहिलं नाही, नाटकातलाच मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवला. आणि बाबा सपाट वाचून मोकळे झाले. टाळ्या मिळाल्या, पण मास्तरांनी नंतर विचारलंच, "तालमीतलं ते वाचन कुठे गेलं?" बाबा म्हणाले, "आज पत्रात दम नव्हता." सगळे हसले. मीही.

७ डिसेंबर, रविवार

शेवटचा प्रयोग झाला. जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी टेबल मांडताना शेवटचं पत्र लिहिलं. *बाबा, उद्या मी नाही म्हणून कळवणार आहे. तुम्हाला कधी कळणार नाही, म्हणून वाईट वाटायचंही कारण नाही. इथे आपलं बरं चाललंय.* चार ओळी. उरलेल्या पानावर नाटकातला मजकूर.

बाबांनी चष्मा घातला, पत्र उघडलं. सभागृहात एवढी शांतता की खुर्चीची करकर ऐकू आली. त्यांनी मजकूर म्हटला, एकही शब्द न चुकता. घडी केली, खिशात ठेवली. शिंपीणबाईंनी विचारलं, "काय उत्तर द्यायचं?"

बाबांनी चष्मा काढला. "लिही," म्हणाले, "माझी काळजी करू नकोस म्हणावं. मला अंडं उकडता येतं."

सभागृह हसलं. शिंपीणबाईंना काय बोलावं कळेना, त्या तशाच उभ्या. लाइटवाल्याने अंधार केला, पडदा पडला आणि मग टाळ्या थांबेचनात.

मी विंगेत कपाळाला हात लावून. तीन आठवडे घरात अंडं अंडं चाललंय, ते शेवटी नाटकात फुटलं! मास्तर आत आले. "प्रूफवाले, काही नाही एवढंच म्हणायचं होतं. अंडं कुठून आलं?" बाबा कोट काढत होते. "चूक दिसली," म्हणाले, "दुरुस्त केली."

स्कूटरवरून घरी आलो. उतरताना एवढंच म्हणाले, "खुर्ची दोन्ही दिवस जागेवर होती हं." मला फार बरं वाटलं. आणि उद्या फोन करायचाय ह्याचं तितकंच वाईट.

८ डिसेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकून हॉलवर नाटकाच्या वस्तूंची पेटी भरायला गेले. आज सगळ्यांनी अंगावरच्या वस्तू परत केल्या आहेत. चष्म्याची डबी उघडली. काचा आहेत. घालून बघितला — पेटीवर मीच लावलेली यादी मोठीच्या मोठी दिसली. डबीत चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी आहे, बाबांचा जवळचा नंबर, तारीख १३ नोव्हेंबर.

साडेचारला संस्थेत फोन केला. "येते," म्हटलं.