मि कासा एस सु कासा आणि पाचशेचा स्टॅम्प

मु. पो. कुरुळी, ता. खेड
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय मित्र हनीफ यास,

गेनूचा रामराम आणि सलाम. तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि नजमुन्निसा वहिनींचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरंच ठीक असतं तर माझ्यासारखा सातवी नापास माणूस एवढी पानं लिहायला बसला असता का? फोनच केला असता. पण चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून तुझे कान गेले, आणि तुझा अजिम फोन स्पीकरवर टाकतो. मग पिंपळे सौदागरच्या अकराव्या मजल्यापासून खालच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना माझी भानगड कळते. म्हणून कागद.

आमची हर्षाली तुला आठवत असेल (थोरल्याची मुलगी. लहानपणी तुझ्या गॅरेजात येऊन फ्रॉकला ग्रीस फासून घ्यायची ती). ती चाकणला ज्या कंपनीत गाड्यांचे दरवाजे तपासते, त्या कंपनीचं मूळ घर स्पेन देशात आहे. तिथं अकरा महिन्यांच्या ट्रेनिंगला इथून एकच माणूस पाठवायचा, आणि तो निवडणार तिकडून आलेला इग्नासिओ नावाचा साहेब. हर्षालीचं नाव पुढे होतं. पोरीनं मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलं आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली. माठावर आग्वा, दारावर पुएर्ता, मिठाच्या बरणीवर साल. देव्हाऱ्यावर मात्र कस्तुरानं चिकटवू दिली नाही. म्हणाली, "माझ्या देवाला मराठीच कळतं, त्याला गोंधळात पाडू नगंस."

मला दिवसभर काम नाही, त्यामुळे चिठ्ठ्या वाचून वाचून मीच पोरीच्या पुढे गेलो. भाषा सोपी आहे, हनीफ. ओला म्हणजे आपला रामराम. ओम्ब्रे म्हणजे माणूस, पण ते लोक आपल्या 'राव'सारखं कुठेही लावतात. वाले म्हणजे बरं. दर दोन वाक्यांनी वाले म्हटलं की समोरच्याला वाटतं आपल्याला सगळं समजतंय (मी तहसील कचेरीत जन्मभर हेच केलं). पोर फावोर म्हणजे कृपा करून. आपल्यात हे फक्त अर्जात लिहितात, ते लोक मीठ मागतानाही म्हणतात. मान्याना म्हणजे उद्या. हर्षाली सांगते, ते उद्या म्हणाले म्हणजे उद्याच असं नसतं. हे मला नवीन नाही. माझी स्कूटर तुझ्याकडे सव्वा महिना मान्यानावर होती.

ग्रासिआस म्हणजे आभारी आहे. हा शब्द घरात वापरून बघावा म्हणून चहा दिल्यावर कस्तुराला ग्रासिआस म्हणालो आणि अर्थही सांगितला. लग्नाला एकावन्न वर्षं झाली, आभार पहिल्यांदाच मानले. ती जागच्या जागी थांबली. म्हणाली, "कुठं अंगठा देऊन आलात? खरं सांगा." त्यानंतर तो शब्द मी घरात वापरलेला नाही.

तर साहेबाला रविवारी जेवायला बोलवायचं ठरलं. दारात पाहुण्याला काय म्हणायचं ते हर्षालीनं शिकवलं: मि कासा एस सु कासा. माझं घर ते तुमचं घर. त्यातला सु आदराचा, तुमचं म्हणायचा. आठ दिवस मी म्हशीपुढे सराव केला. साहेब आला, चांगला सहा फूट, चपला बाहेर काढून आत येणारा. मी छातीवर हात ठेवून वाक्य खणखणीत म्हटलं. साहेबाचे डोळे भरून आले. प्रज्वलनं (हर्षालीचा भाऊ) मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला.

जेवायला मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी. दोन भाकऱ्यांनंतर साहेब म्हणाला, नो, ग्रासिआस. अर्थ मला पाठ होता. पण आपल्याकडे पहिल्या दोन नकोंना कोण मोजतो? पाहुणा चांगल्या घरचा आहे एवढंच त्यातून कळतं. कस्तुरानं वाढलं. मग तो म्हणाला, उन पोको, म्हणजे थोडंसं. थोडंसं म्हणजे अर्धी भाकरी आणि दोन मासवड्या, हे काय सांगायला पाहिजे? ती संपेपर्यंत त्यानं कमरेचा पट्टा सोडला होता. हर्षाली डोळे वटारत होती. मी मनात म्हटलं, पोरगी उगाच घाबरते, माणूस खूश आहे.

एवढ्यात शेजारचा साहेबराव (जमिनीची दलाली करतो तो. तू त्याला पाना फेकून मारला होतास) हात धुता धुता म्हणाला, "काय गेनूआबा, घर दिलंत जनू गोऱ्याला! आमी साक्षीदार, व्हिडिओ बी झाला. सातबाऱ्यावर नाव कवा चढवायचं?"

सगळे हसले. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

हनीफ, तू हसू नकोस. आमच्या वडलांनी गोठ्याच्या जागेबद्दल आपल्या चुलतभावाला काय म्हटलं होतं? "तुझीच समज." एवढे दोनच शब्द, तेही एका लग्नाच्या पंगतीत. त्यानं आधी तिथं बैलगाडी लावली, मग शेड टाकलं, मग भिंत. एकोणीस वर्षं केस चालली, तू स्वतः साक्षीला आलास, आणि आज तिथं त्याच्या नातवाचा लेथ कारखाना आहे. आपल्या भागात तोंडातून गेलेली जागा परत येत नाही. आणि मी तर परक्या मुलुखाच्या माणसाला, त्याच्याच भाषेत, कॅमेऱ्यासमोर, हात छातीवर ठेवून दिली!

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी चाकणला जाऊन पाचशेचा स्टॅम्प घेतला आणि साहेबानं सही करून द्यायची म्हणून टायपिंगवाल्याकडून लिहून घेतलं: 'सदरचे वाक्य केवळ पाहुणचारापोटी उच्चारले असून त्यायोगे लिहून देणार यांस सदर मिळकतीवर कसलाही हक्क अथवा हितसंबंध प्राप्त झालेला नाही व पुढे होणार नाही.' टायपिंगवाल्यानं दोनदा चष्मा पुसला.

हर्षालीला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "आबा, निवड त्यांच्या हातात आहे. तुम्ही त्यांना चोर ठरवताय. माझं जाणं गेलं आता." (तुला म्हणून सांगतो. ते ऐकून माझ्या मनाला एक क्षण बरं वाटलं. पोर इथंच राहील, संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून हाक मारील. लगेच माझी मलाच लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.)

पुढच्या रविवारी साहेब स्वतःहून आला, कस्तुरासाठी चॉकलेट घेऊन. मी कागद पुढे केला. हर्षालीनं मान खाली घालून एकेक ओळ त्याच्या भाषेत सांगितली. मला वाटलं, आता उठतो आणि जातो. तो हसला नाही. चष्मा लावला, गोठ्याची हकिकत सगळी विचारून घेतली, वाले वाले म्हणत ऐकली, आणि सही केली. वर तारीखही टाकली. मग म्हणाला, आता माझा कागद.

त्यानं आईला व्हिडिओ फोन लावला. पिलार नाव. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सारागोसा शहराजवळच्या गावात एकटी राहते, शेंगा सोलत बसली होती. सगळं ऐकून ती दहा मिनिटं एकटीच बोलत सुटली. हर्षालीनं सांगितलं तेव्हा कळलं, तिच्या दिरानंही अंगणातली भिंत हातभर पुढे सरकवली आहे आणि तो खटला बत्तीस वर्षं चालू आहे. म्हणाली, हा म्हातारा शहाणा आहे. मग तिनं सांगितलं आणि साहेबानं हर्षालीच्या वहीच्या पानावर लिहिलं: मि कासा एस सु कासा. खाली घराचा नंबर, तिचं पूर्ण नाव, आणि हर्षालीला तिच्याकडेच राहता येईल असं. किल्ली कुठल्या कुंडीखाली असते तेही (हे मात्र कागदावर घालायला नको होतं. बाईला एवढं कळायला हवं).

शेवटी तिनं मला विचारलं, पोरगी जेवते का नीट? मी म्हटलं, उन पोको. ती म्हणाली, तिचं 'नको' मी मोजणार नाही.

तर हर्षालीची निवड झाली. पुढच्या महिन्यात निघेल. मी अगदी धीरानं घेतलं आहे, डोळ्यांतून पाणी येतं ते मोतीबिंदूमुळे. वहिनींना नमस्कार, जास्मिनला आणि अजिमला आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल लाव, मान्याना नको, आजच.

तुझा,
गेनू

ता. क. साहेबरावाला यातलं काही कळू देऊ नकोस. तो पिलारबाईच्या घराचंही गिऱ्हाईक आणील.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. पासपोर्टच्या अर्जात ओळखीच्या माणसांची नावं द्यावी लागतात, त्यात तुझं देतो आहे. पोलिसांचा फोन आला तर हा माणूस सज्जन आहे असं सांग, आणि स्कूटरचा विषय काढू नकोस. अर्ज माझाच आहे. परदेशाची मला हौस नाही, विमानाची तर भीतीच वाटते. पण घर लिहून मिळालं आहे, आणि कागद असून कबजा न घेतलेल्या जागेचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलेलं आहे.

ता. क. तिसरा. कस्तुरानं पाठीमागून वाचलं. म्हणते, माझाही अर्ज टाका. मी म्हटलं, उद्या बघू. ती म्हणाली, "मान्याना व्हय? मला बी कळतं आता." तेव्हा तुझं नाव दोन अर्जांवर लागेल. ग्रासिआस.